हिंदी महासागरात भारत शेजाऱ्यांच्या नेमका काय उपयोगी पडतो? आणि त्यात गोवा कुठे?

फोंडेकर

नमस्कार मंडळी.

अकरावी-बारावीच्या मुलांसमोर पाऊण तास बोलायचे आहे, विषय ‘सागरी राष्ट्र भारत’. नेहमीचा मसाला हाताशी आहे: नव्या मोजणीप्रमाणे ११,०९८ किलोमीटर किनारपट्टी, वीस लाख चौरस किलोमीटरहून मोठे आर्थिक क्षेत्र, आकारमानाने ९५ टक्के परदेशी व्यापार समुद्रावरून. एवढे सांगून झाले की मुले घड्याळाकडे बघायला लागणार.

मला त्यापुढचे हवे आहे. भारत शेजारी असल्याने मॉरिशस, मालदीव, श्रीलंका यांना रोजच्या व्यवहारात काय फरक पडतो? काम कोण करते, कसे करते, कुठे बिनसते? वास्को, दाबोळी, दोनापावला इथल्या संस्थांचा त्यात हात किती? युद्धनौका आणि क्षेपणास्त्रांची यादी कृपया नको, ती मुलांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. आपण कमी पडतो तेही लिहा. वर्गात बऱ्याच जणांच्या घरचे कोणी ना कोणी बोटीवर आहे, गुळगुळीत भाषण त्यांच्या गळी उतरायचे नाही.

तळठाव

सर, सुरुवात नकाशापासून करा. समुद्राचा तळ मापून नकाशा बनवणे हे कुणाच्या डोळ्यांत न भरणारे काम आहे, पण शेजाऱ्याला सर्वांत जास्त वर्षे पुरते तेच.

सोलास या जहाजसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातला नववा नियम सांगतो की किनारी देशाने आपले पाणी मापून नकाशे अद्ययावत ठेवायचे. छोट्या बेटांच्या देशांकडे त्यासाठी ना जहाज असते ना शिकलेली माणसे. म्हणून भारतीय नौदलाच्या सर्वेक्षण नौका मॉरिशस, सेशेल्स, मालदीव, केनिया, टांझानिया, मोझांबिक, श्रीलंका यांच्यासाठी हे काम करत आल्या आहेत. मॉरिशसच्या सेंट ब्रँडन बेटांचा नकाशा असाच मापून २०२५ च्या मार्चमध्ये त्या देशाच्या हवाली केला. नकाशे तयार होतात डेहराडूनला, पण हा धंदा शिकवणारी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हायड्रोग्राफी आपल्या वास्कोत आहे. मित्रदेशांचे अधिकारीही तिथे शिकायला येतात. आपल्याकडे शिकून गेलेला माणूस पुढे त्याच्या देशाच्या बंदर खात्यात वीस-पंचवीस वर्षे काम करतो. राजदूताच्या दोन भाषणांपेक्षा हे जास्त कामाचे, असे माझे मत.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते मुलांना क्रमाने सांगा. आधी किनाऱ्यावर भरतीमापक बसवायचा आणि जमिनीवरच्या पक्क्या खुणेशी त्याची पातळी जोडून घ्यायची. नकाशावरची खोली म्हणजे त्या दिवशीचे पाणी नव्हे, ती ओहोटीच्या अगदी खालच्या ठरवलेल्या पातळीपासून मोजलेली असते. ती पातळी नीट काढायला निदान महिनाभर अखंड नोंदी लागतात, कारण उधाण आणि भांग यांची पुरी फेरी त्यात यावी लागते. मग बोटीखालचा मल्टिबीम इकोसाउंडर (आवाजाचे अनेक किरण सोडून खोली मापणारे यंत्र) लावून त्याची परीक्षा घ्यायची: एकाच पट्ट्यावरून उलटसुलट आणि वेगवेगळ्या वेगाने जाऊन यंत्र तिरके बसले आहे का, घड्याळ मागेपुढे आहे का, ते शोधायचे. ही परीक्षा टाळली की पुढचे सगळे आकडे देखणे दिसतात आणि चुकीचे असतात.

त्यानंतर शेतात नांगर फिरवावा तशा समांतर ओळी. एका फेरीत मापला जाणारा पट्टा खोलीच्या साधारण तीन ते पाच पट रुंद असतो. दहा मीटर पाण्यात तो तीस-पस्तीस मीटर, शेजारच्या ओळीवर थोडा चढवून घेतला की उरतात पंचवीस. सहा नॉट वेगाने (तासाला सुमारे अकरा किलोमीटर) ताशी पाव चौरस किलोमीटरच्या किंचित वर काम होते. हजार मीटर खोलीत खोल पाण्यासाठीचे यंत्र तासाला चाळीस-पंचेचाळीस चौरस किलोमीटर उरकते. म्हणजे उथळ पाण्यात, जिथे जहाजे रुततात नेमके तिथे, काम सर्वांत सावकाश चालते. प्रवाळ बेटांच्या देशांचे नकाशे अपुरे राहतात त्याचे हे एक कारण. शेवटी सगळ्या ओळींना काटकोनात छेद देणाऱ्या काही ओळी घ्यायच्या. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत तर काम परत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आवाजाच्या वेगात. यंत्र प्रतिध्वनीचा वेळ मोजते, खोली नव्हे. २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५४१ मीटर जातो, त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात सुमारे १,५०४. पावसाळ्याच्या शेवटी मांडवीच्या मुखाशी वर गोडे पाणी आणि खाली खारे असते. दहा मीटरचे सगळे पाणी गोडे असताना खाऱ्याचा वेग धरला तर खोली २५ सेंटिमीटर जास्त दिसते. बंदराच्या वाटेसाठी जो कडक दर्जा आहे त्यात दहा मीटरला एकूण चूक फक्त २६ सेंटिमीटर चालते. म्हणजे भरती, लाटा, जीपीएस यांच्या चुका धरण्याआधीच माफी संपली, आणि चूकही धोक्याच्या बाजूची. वर थर बदलला की कडेचे किरण वाकतात आणि सपाट तळ पडद्यावर कडांना उचललेला किंवा लोंबलेला दिसतो. उपाय सोपा पण कंटाळवाणा: दर थोड्या तासांनी, आणि नदीमुखाशी भरती-ओहोटी फिरली की लगेच, वेग मोजणारे उपकरण तळापर्यंत सोडायचे.

घरचेच उदाहरण हवे असेल तर आग्वादचा बार, म्हणजे मांडवीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा. पावसाळ्यात तिथे वाळू चढते, लाटा फुटतात, आणि खनिज वाहणाऱ्या बार्जांना ती वाट बंद होते. मग मांडवीतल्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरतात आणि मुरगाव गाठतात. तळ दरवर्षी हलतो तिथे कालचा नकाशा आज पुरत नाही.

एक गोष्ट लपवू नका. जो मापतो त्याच्या हाती कच्चे आकडे येतात, आणि तळाचे आकडे पाणबुडीलाही उपयोगी असतात. मालदीवने २०१९ मध्ये भारताशी केलेला सर्वेक्षणाचा करार पुढे वाढवणार नाही असे २०२३ च्या डिसेंबरात सांगितले. आपल्याकडे लोक चिडले, पण कुठल्याही लहान देशाला ही शंका येणारच. आकडे कुणाकडे राहतील हे करारात सुरुवातीलाच स्वच्छ लिहिणे हाच त्यावर इलाज.

आणखी एक: हिंदी महासागराच्या बऱ्याच भागाला नॅव्हएरिया आठ म्हणतात आणि तिथल्या जहाजांना इशारे देण्याची जबाबदारी भारताची. दिवा विझला, बोया सुटला, कुठे गोळीबाराचा सराव आहे, कुठे कंटेनर तरंगतो आहे, हे सगळे त्यातून जाते.

चॅनल सोळा

तळठाव यांनी पाया घातलाच आहे, मी बचावाचे लिहितो.

शोध आणि बचावासाठी भारताकडे सोपवलेला पट्टा ४६ लाख चौरस किलोमीटरचा आहे, आपल्या आर्थिक क्षेत्राच्या जवळपास दुप्पट. तिथे कुठल्याही झेंड्याचे जहाज अडचणीत आले तरी समन्वय तटरक्षक दलाने करायचा. केंद्रे तीन: मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम).

समजा, गोव्यापासून दीडशे सागरी मैलांवर बोट बुडाली. ४०६ मेगाहर्ट्‌झचा बीकन, म्हणजे संकटाचा संदेश सोडणारे यंत्र, उपग्रहाशी बोलतो, संदेश बंगळूरूच्या केंद्रातून मुंबईला येतो. पहिले काम विमान उडवणे हे नसतेच. बीकनचा क्रमांक नोंदवहीत बघून मालकाला फोन करायचा, कारण बरेच इशारे खोटे निघतात: कुणी धुताना कळ दाबली, कुणी जुना बीकन भंगारात दिला. खरे ठरले की आसपासच्या व्यापारी जहाजांना उपग्रहावरून हाक. बहुतेक वेळा पहिले पोचते ते एखादे मालवाहू जहाजच. तटरक्षक दलाचे डॉर्नियर विमान गोव्याहून निघते, तोपर्यंत संगणक हिशेब करत असतो की वाहून कुठवर गेले असतील. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राने यासाठी ‘सारत’ नावाची प्रणाली बनवली आहे. काय शोधायचे हे त्यात नीट भरावे लागते. पाण्यातला माणूस प्रवाहाबरोबर जातो, तराफा वाऱ्यावर पळतो, उलटलेली होडी दोन्हींच्या मधली. चुकीचा प्रकार निवडला तर विमान रिकाम्या पाण्यावर घिरट्या घालते.

वेळेची किंमत मुलांना आकड्यात दाखवा. जागेची चूक पाच सागरी मैल असेल तर शोधायचे वर्तुळ सुमारे ७९ चौरस सागरी मैलांचे. उशिरामुळे ती पंधरा झाली तर ७०७. तिप्पट चुकीला नऊपट पाणी.

आता बिनसते कुठे ते:

बीकन विकत घेतला पण नोंदवला नाही. किंवा बोट विकली आणि नोंद जुन्या मालकाच्या नावावरच. मग फोन लागतो भलत्याच घरी.

बीकन केबिनमध्ये कुलपात. तो वर उघड्यावर, दोऱ्या-जाळ्यांत अडकणार नाही असा हवा. त्याला धरणारा हायड्रोस्टॅटिक रिलीज दीड ते चार मीटर पाण्यात गेला की आपोआप सोडतो. या रिलीजची मुदत बहुधा दोन वर्षांची असते, बीकनची बॅटरी पाचेक वर्षे. दोन्ही तारखा वेगळ्या असल्याने लोक बॅटरीची तारीख बघतात आणि रिलीजची विसरतात. वर तेलरंग फासून रिलीज जाम केलेलाही आढळतो.

जीपीएस नसलेला स्वस्त बीकन. त्याची जागा पाच किलोमीटरपर्यंत चुकू शकते, जीपीएसवाल्याची शंभर मीटरच्या आसपास.

मच्छीमारांकडचा जुना डॅट (संकटाचा संदेश पाठवणारे यंत्र) एकतर्फी होता. तांडेलाने कळ दाबली, पण संदेश पोचला की नाही हे त्याला कळायचे नाही, म्हणून तो दाबत राहायचा किंवा वैतागून सोडून द्यायचा. इस्रोने २०२४ मध्ये आणलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटमध्ये उलट पोच येते. घाबरलेल्या माणसाला ‘कळले, येतो आहोत’ एवढे दिसले तरी तो बोट सोडून उडी मारत नाही. मालीम, कुटबणच्या जेटीवर मुलांना नेता आले तर हे यंत्र दाखवाच. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा.

शेजाऱ्यांच्या मदतीचे म्हणाल तर आगीची उदाहरणे घ्या. २०२० च्या सप्टेंबरात श्रीलंकेच्या पूर्वेला ‘न्यू डायमंड’ पेटली. पोटात सुमारे २ लाख ७० हजार टन कच्चे तेल, कुवेतहून पारादीपला निघालेले. तेलवाहू जहाजाच्या आगीत आधी टाक्यांच्या भिंती पाण्याने थंड ठेवायच्या आणि जहाज ओढून किनाऱ्यापासून दूर न्यायचे. भारत आणि श्रीलंका दोघांनी मिळून ते निभावले, तेलाच्या टाक्या वाचल्या. कंटेनरच्या आगीचे तंत्र वेगळे. पेटी बंद असते, बाहेरून कितीही पाणी मारा, आत पोचत नाही. उलट ते पाणी जहाजात साठते आणि हेलकाव्याबरोबर इकडून तिकडे लोटून जहाज कलंडवू शकते. २०२४ च्या जुलैत कारवारच्या समोर पेटलेल्या ‘मर्स्क फ्रँकफर्ट’वर गोव्याच्या बाजूने नौका आणि विमाने गेली होती, हेलिकॉप्टरमधून कोरडी रासायनिक पूडही टाकली. पेटीत काय आहे याची यादी खोटी असेल तर अग्निशमनवाला आंधळा, हे विसरू नका. साधा म्हणून नोंदवलेला माल निघतो भलताच.

चाच्यांबद्दल एकच वाक्य, कारण सरांनी बंदुका नको म्हटले आहे: २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदा होईपर्यंत भर समुद्रात पकडलेल्या चाच्यांवर भारतात खटला चालवायला नीट स्वतंत्र कायदाच नव्हता. २०२४ च्या मार्चमध्ये पळवलेल्या ‘रुएन’ जहाजावरचे ३५ चाचे मुंबईत आणले ते या कायद्याच्या जोरावर.

बार्जकर

वरचे सगळे खरे, पण सर, तुम्ही उणेही विचारले आहे. आपण समुद्राचे पहारेकरी झालो, गाडीवान झालो नाही.

आपल्या परदेशी व्यापारातला भारतीय झेंड्याच्या जहाजांचा वाटा पाच-सहा टक्क्यांच्या आसपास आहे. सरकारी आकड्याप्रमाणे वर्षाला ७५ अब्ज डॉलरच्या घरात भाडे परदेशी कंपन्यांना जाते. कारण मुलांना समजण्यासारखे आहे. माल विकताना आपण एफओबी विकतो, म्हणजे जहाज गिऱ्हाईक आणणार. विकत घेताना पुष्कळदा सीआयएफ, म्हणजे जहाज विकणारा आणणार. दोन्हीकडून जहाज ठरवणारा दुसराच. गोव्याचे खनिज वर्षानुवर्षे असेच एफओबी गेले. बार्ज आपल्या, मुरगावला येऊन लागणारी मोठी बोट मात्र बहुधा परक्याची. त्यावर भारतात जहाज विकत घ्यायचे तर कर्ज महाग आणि मुदत अपुरी. जहाज पंचवीस वर्षे चालते, कर्ज त्याच्या कितीतरी आधी फेडायचे. २०२५ च्या सप्टेंबरात ६९,७२५ कोटींची योजना मंजूर झाली आणि त्याच वर्षी मर्चंट शिपिंगचा कायदाही नवा आला, पण पैसा ओतला की ताफा उभा राहतो असे नाही. मालाचे करार बदलल्याशिवाय जहाजांना काम कुठून मिळणार?

कंटेनरचे तसेच. दुसऱ्या जहाजावर चढवून पाठवायच्या आपल्या मालापैकी सुमारे तीन चतुर्थांश माल परदेशी बंदरांत हाताळला जात आला, मुख्यतः कोलंबो, सिंगापूर, क्लांग. मोठ्या जहाजांना सोळा मीटरहून जास्त पाणी लागते, ते आपल्या जुन्या बंदरांत नाही. २०२५ च्या मे महिन्यात विळिंजम रीतसर सुरू झाले, तिथे निसर्गतःच अठरा-वीस मीटर पाणी आहे. आता बघू.

तिसरा मुद्दा जास्त टोचणारा. २०२१ मध्ये कोलंबोसमोर ‘एक्स-प्रेस पर्ल’ जळून बुडाली, प्लास्टिकच्या मण्यांनी श्रीलंकेचा किनारा भरला. तिच्यावरच्या एका कंटेनरमधून नायट्रिक ॲसिड गळत होते. तो उतरवून घ्या म्हणून जहाजाने आधी कतारच्या हमादला आणि आपल्या हजीराला विचारले होते. दोन्हीकडे नकार, सोय नाही म्हणून. पुढे आग विझवायला भारताच्या नौका धावल्या, त्याचे कौतुक झाले. पण गळकी पेटी वेळेवर उतरवून घेणारा एक धक्का कुठे असता तर ही वेळच आली नसती. आसऱ्याच्या जागेबद्दल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे मार्गदर्शन २००३ पासून आहे. बंदराला मात्र हिशेब सरळ असतो: घेतले तर जोखीम माझी, नाकारले तर दुसऱ्याची. म्हणून हा निर्णय बंदराच्या व्यवस्थापकावर सोडायचा नसतो, सरकारने नुकसानीची हमी देऊन घ्यायचा असतो.

बुडालेली जहाजे काढण्याचा आपला अनुभव तर कांदोळीच्या लोकांना विचारा. २००० च्या जूनमध्ये रुतलेली ‘रिव्हर प्रिन्सेस’ दशकाहून जास्त काळ किनाऱ्यापुढे कुजत होती. जहाज जितके थांबते तितकी वाळू पोटात भरते, पत्रा गंजतो, ओढून काढायची सोय संपते आणि तुकडे कापत बसावे लागते. आता नैरोबी करारामुळे ३०० टनांच्या वरच्या जहाजाला सांगाडा हटवण्याचा विमा सक्तीचा आहे. २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडाली, ६४० कंटेनर घेऊन. तिचे २४ खलाशी वाचले, पण मणी आणि पेट्या केरळच्या किनाऱ्याला लागल्याच.

आणि तारवटी! जहाजे दुसऱ्यांची, माणसे आपली. पगार न देता बंदरात वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत २०२४ मध्ये सर्वाधिक भारतीय होते. ज्यांच्या घरचे बोटीवर आहेत त्या मुलांना दोन गोष्टी सांगा. भरती करणाऱ्या एजंटाचा आरपीएसएल (भरतीच्या परवान्याचा) क्रमांक डीजी शिपिंग या सरकारी नौवहन खात्याच्या यादीत आहे का ते आधी बघायचे. आणि दोन महिने पगार थकला तर सागरी श्रम कराराखाली ते ‘सोडून देणे’ धरता येते. जहाजावर त्यासाठीच्या विम्याचे प्रमाणपत्र लावलेले असते, त्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च मिळतो. तक्रार जहाज सोडण्याआधी करायची. उतरल्यावर हात बांधले जातात.

खारीवाडो

गोवा शिपयार्डचे कुणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. श्रीलंकेच्या नौदलासाठी ‘सयुराला’ (२०१७) आणि ‘सिंदुराला’ (२०१८) या १०५ मीटरच्या गस्ती नौका वास्कोत बांधल्या. मॉरिशसच्या तटरक्षकांसाठी ‘व्हिक्टरी’ आणि ‘व्हॅलिअंट’ २०१६-१७ च्या सुमारास, शिवाय छोट्या वेगवान बोटी.

बोट सुपूर्द करण्याचा फोटो छापून येतो, पण खरी कसोटी त्यानंतर. इंजिनाच्या तासांप्रमाणे ठरलेली दुरुस्ती, सुटे भाग, ते बसवणारा माणूस. छोट्या देशाकडे एका जातीच्या एक-दोनच बोटी असतात, त्यामुळे भाग साठवून ठेवणे परवडत नाही. एक इंधनपंप यायला तीन महिने लागले तर अर्धी फौज धक्क्याला. म्हणून करारातच दोन-तीन वर्षांचे सुटे भाग, तिथल्या तंत्रज्ञांचे शिक्षण आणि कोरड्या गोदीची सोय कुठे ते लिहून घ्यायचे असते. ज्याची बोट त्याचीच दुरुस्ती, आणि ज्याची दुरुस्ती त्याच्याशी संबंध, हे चीनलाही चांगले कळते.

शेवाळ

दोनापावला आणि सडा. एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ पासून) आणि एनसीपीओआर (ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र). मुलांना कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे भारताने २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे २०० मैलांपलीकडच्या समुद्रतळावर जो हक्क मांडला, त्याच्या शास्त्रीय कामाची धुरा सड्याच्या या संस्थेकडे होती. तिथे नुसते अंतर चालत नाही, तळावर गाळाची जाडी किती हे भूकंपलहरींसारख्या कृत्रिम लहरींनी दाखवावे लागते.

त्सुनामीचा इशारा हैदराबादहून जातो, इन्कॉइसमधून. २००४ नंतर उभारलेले हे केंद्र २०११ पासून ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाबरोबर सगळ्या हिंदी महासागराला सेवा देते.

तेलगळतीबद्दल एक. २०२० मध्ये मॉरिशसला ‘वाकाशियो’ ही बोट प्रवाळावर चढली तेव्हा भारताने ३० टन साहित्य आणि तटरक्षक दलाचे दहा जण विमानाने पाठवले: बूम, स्किमर (पाण्यावरचे तेल गोळा करणारी यंत्रे), तेल शोषणाऱ्या पट्ट्या. बूम म्हणजे तरंगते कुंपण. प्रवाह त्याला काटकोनात पाऊण नॉटहून जोराने आला तर तेल खालून निसटते, म्हणून ते तिरके लावतात आणि तेल शांत कोपऱ्यात वळवतात. मीटरभर लाटा असतील तर बहुतेक बूमचा फारसा उपयोग नाही, म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे साहित्य गोदामातच शोभते. तेल बारीक थेंबांत फोडणारे रसायन उथळ पाण्यात, खारफुटीजवळ मारायचे नाही. दर मे-जूनमध्ये आपल्या किनाऱ्यावर येणारे डांबरगोळे हाही याच विषयाचा भाग आहे. त्यांची रासायनिक ओळख पटवून ते टँकरचे की तेलविहिरीचे हे शोधता येते. दोषी पकडणे अजून दुर्मीळच.

फोंडेकर

देव बरे करू! पाऊण तासात मावेल त्याच्या तिप्पट झाले. बार्जकर यांचे एफओबी-सीआयएफ आणि तळठाव यांचा आवाजाचा वेग, हे दोन नक्की घेतो. एकच विनंती: वर्गात फळ्यावर करून दाखवता येईल असे एखादे गणित?

तळठाव

हे घ्या. आकडे कल्पित आहेत, पद्धत खरी.

वाटेवर नकाशातली खोली १३.० मीटर. जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेली उंची, १२.६. उथळ पाण्यात वेगाने जाताना जहाज आणखी खाली बसते, त्याला स्क्वॉट म्हणतात. मोकळ्या पाण्यातला कामचलाऊ हिशेब: जहाजाच्या पोटाचा भरीवपणा (मालवाहूसाठी ०.८) गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग, भागिले १००. आठ नॉटला ०.८ × ६४ ÷ १०० = ०.५१ मीटर. तळाशी राखायचे अंतर एक मीटर धरा. एकूण लागले १४.११, म्हणजे भरती १.११ मीटर चढल्याशिवाय आत यायचे नाही. मुलांना मुरगावचे भरतीचे कोष्टक द्या आणि त्या दिवशी ही वेळ कधी येते ते काढायला सांगा.

मग वेग चार नॉट करायला लावा. स्क्वॉट ०.१३ वर येतो, भरती ०.७३ पुरते. अरुंद वाटेत १०० ऐवजी ५० ने भागायचे, म्हणजे स्क्वॉट दुप्पट.

शेवटी सांगा की सर्वेक्षणात आवाजाचा वेग चुकला होता आणि खरी खोली १२.७५ आहे. कप्तानाला हे माहीत नाही, त्याने एक मीटर राखले असे तो समजतो. प्रत्यक्षात किती राहिले?

बार्जकर

सर, या गणितात एक भर घाला: त्याच दिवशी नैर्ऋत्येकडून दीड मीटरचा लाटांचा हेलकावा. ७५ सेंटिमीटर कितपत पुरतात ते मुलेच सांगतील.